बाईंची चूक

आमच्या बाईंना मुलींची नावं पाठ होती, पण त्या ती वापरत नसत. अमरावतीच्या त्या मुलींच्या शाळेत आम्ही बऱ्याच जणी बाहेरगावच्या होतो. कोणी मामाकडे राहून शिकत होती, कोणी आत्याकडे. बाई आम्हाला गावाच्या नावानं हाक मारायच्या. "चांदूर, फळा पूस." "बडनेरा, आज उशीर का झाला?" मी तिवशाची, शिकायला मामाकडे राहणारी, म्हणून मी तिवसा. खुद्द अमरावतीतल्या मुलींची त्यांनी पेठांवर वाटणी केली होती. एक राजापेठ होती, एक बुधवारा होती. अंबागेट दोन होत्या, थोरली आणि धाकटी.

एकाच मुलीला गाव नव्हतं आणि पेठही नव्हती. ती बाईंची मुलगी, प्रभा. तिला बाई 'मागचा बाक' म्हणायच्या, कारण शेवटच्या बाकावर तिला त्यांनीच बसवलं होतं. "मागचा बाक, तुम्ही सांगा." वर्गात मुलीला 'तुम्ही' म्हणायच्या. आम्हाला त्याचं हसू यायचं. प्रभाला येत नसे. ती उभी राहायची, उत्तर द्यायची, खाली बसायची. आईला ती शाळेत 'बाई'च म्हणायची, आणि हळूहळू तिला घरीही तीच सवय लागली, असं ती एकदा मला म्हणाली होती.

सकाळी मायलेकी एकाच घरातून निघायच्या, पण बाई पुढे आणि प्रभा दहा-पंधरा पावलं मागे. मास्तरणीची पोरगी मास्तरणीसोबत शाळेत आली तर बाकीच्या पोरींना काय वाटेल, असं बाईंचं म्हणणं. पावसातसुद्धा हे अंतर कमी व्हायचं नाही. छत्री एकच होती आणि ती पुढे असायची.

निबंधात माझं आणि प्रभाचं सारखंच जमलं तर मला अर्धा मार्क जास्त पडायचा. मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, प्रभाचा निबंध चांगला आहे ना?"

"आहे."

"मग?"

"ती घरी माझं ऐकून लिहिते. तू कोणाचं ऐकून लिहितेस?"

प्रभा त्यांचं ऐकून लिहीत नव्हती हे मला माहीत होतं. घरी बाईंना वेळच कुठे होता? शाळा सुटली की त्या मोठ्या दवाखान्यात जायच्या, बायकांच्या वॉर्डात. रविवारी तर सकाळीच. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका तिथे महिना महिना पडून असायच्या आणि घरचं कोणी फिरकत नसे. बाई पिशवीत पोस्टकार्डं घेऊन जायच्या आणि त्या सांगतील ते पत्र लिहून द्यायच्या. सांगतील ते म्हणजे अगदी तसंच. दर्यापूरकडची एक बाई होती, पोटाचं ऑपरेशन झालेली. ती म्हणाली, "लिवा, मेल्या, म्या मेली का जित्ती हावो हे तरी पाह्याले ये." बाईंनी 'मेल्या'सकट सगळं लिहिलं आणि वाचून दाखवलं. ती लाजली. म्हणाली, "वाचीन ना तो पोस्टमन गावात." बाई म्हणाल्या, "वाचू दे की वं. गावाले बी समजू दे." पुढच्या रविवारी तिचा नवरा टोपी हातात घेऊन वॉर्डाच्या दाराशी उभा होता.

बाईंना दोन भाषा होत्या. वर्गात त्या छापल्यासारखं बोलायच्या. आमच्यापैकी कोणी 'मले' म्हटलं की खडू थांबायचा. घंटा झाली की त्याच बाई दारातून बाहेर पडता पडता म्हणायच्या, "काय वं, डबा खाल्ला का?" त्या मूळच्या अकोल्याच्या, आणि घंटेनंतर अकोला त्यांच्या तोंडातून भडाभडा बाहेर पडायचं.

मात्र या सगळ्याहून मोठी त्यांची एक खोड होती, आणि आज ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्या आपली चूक जाहीर करायच्या. इतर शिक्षकांचं चुकलं की ते डस्टरनं पुसून टाकत आणि पुढे जात. बाई दुसऱ्या दिवशी वर्गात यायच्या, खुर्चीवर पिशवी ठेवायच्या (खुर्चीवर त्या स्वतः कधी बसल्या नाहीत) आणि म्हणायच्या, "काल मी तुम्हाला एक समास चुकीचा सोडवून दिला. वह्या काढा. माझी चूक खोडा." आम्ही खोडायचो. मग त्या ती चूक कशी झाली ते सांगायच्या. कोणत्या पायरीवर पाय घसरला, तिथे काय पाहायला हवं होतं. समासापेक्षा हे ऐकण्यात आम्हाला गोडी वाटायची. मोठं माणूस आपण होऊन चुकलो म्हणतं, हे आम्ही आमच्या घरी कधी ऐकलंच नव्हतं.

मी आठवीत होते त्या वर्षी कार्तिकात बाईंनी आम्हा आठ मुलींना कौंडण्यपूरच्या जत्रेला नेलं. देवदर्शनाला नव्हे, सेवेला. त्या काळी जत्रा म्हटलं की मागून पटकी यायचीच. आमच्याकडे हैजा म्हणत. वर्धा नदीच्या वाळवंटात शेकडो बैलबंड्या सुटायच्या, माणसं तिथेच राहायची, तिथेच स्वयंपाक, तिथेच सगळं, आणि वाळूत खड्डा करून झिरपलेलं पाणी तिथेच प्यायची. सरकारी लोक विहिरीत लाल औषध टाकायचे आणि येणाऱ्याला सुई टोचायचे. आमचं काम पाण्याच्या टाक्यापाशी उभं राहून लोकांना औषधाचं पाणी द्यायचं आणि वाळूतल्या झिऱ्यांवर कोणाला जाऊ द्यायचं नाही. आम्ही सगळ्यांनी आधी सुया टोचून घेतल्या होत्या. दोन दिवस दंड दुखत होते.

माझ्या बापानं परवानगी दिली ती एका वाक्यात. "मास्तरीनबाई संग हाये त जाय." आईनं तीळ लावलेल्या दशम्या बांधून दिल्या.

बाईंनी निघण्यापूर्वी आम्हाला ओळीत उभं केलं आणि नियम सांगितला. राहुटीतल्या उकळलेल्या पाण्याखेरीज थेंबभर पाणी कुठलंच प्यायचं नाही. देवाचं तीर्थसुद्धा नाही. जी पिईल ती त्याच दिवशी घरी जाईल.

पहिले दोन दिवस मजेत गेले. लोक आमचं पाणी घ्यायला तयार नसत. "हे काय टाकून राहिले पान्यात? वास येते." आम्ही समजावायचो. काही म्हातारे आमची कीव करून एक पेला घ्यायचे आणि तोंड वाकडं करून गिळायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या अंगाच्या एका तळावर दोघंजण आजारी पडल्याची बातमी आली आणि बाईंचं बोलणं कमी झालं.

त्याच दिवशी दुपारी मी आणि प्रभा त्या तळाच्या बाजूला झिऱ्यांवर लक्ष ठेवायला गेलो होतो. ऊन कडक होतं. एका बंडीच्या सावलीत एक म्हातारी बसली होती. आमच्याकडे पाहून तिनं मडक्यातून गडवा भरला. "घ्या माय, पिऊन घ्या. पोरींची तोंडं पाहा कशी सुकली." आम्ही नको म्हटलं. ती म्हणाली, "काहून? आमच्या हातचं चालत नाई का?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आधी मी प्यायले. मग प्रभा.

तिसऱ्या दिवशी दुपारीच प्रभाचं पोट बिघडलं. ती नदीच्या काठानं झुडपांत जाऊन आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. मी म्हटलं, "बाईंना सांगू."

"नको."

"अगं, औषध देतील."

"औषध देईल, पण आधी विचारेल काय प्यालीस. मग मला घरी पाठवेल. सगळ्यांच्या समोर सांगेल, हिनं नियम मोडला म्हणून." थोड्या वेळानं म्हणाली, "तुझंही नाव घ्यावं लागेल मला. तू नको सांगू. उद्यापर्यंत थांबेल हे."

मी शपथ घेतली. खरं सांगायचं तर मला सोपं गेलं. मलाही घरी जायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी पहाटे मला सुरू झालं, आणि ते लपवता येण्यासारखं नव्हतंच. राहुटीतच झालं, सगळ्यांच्या देखत. तासाभरात पायांत गोळे यायला लागले. मी ओरडत होते. बाई माझे पाय चोळत होत्या. प्रभा माझ्या उशाशी बसून पदरानं वारा घालत होती. आठवीत तिला नुकतंच पातळ नेसवायला लागले होते. तिचे ओठ पांढुरके झाले होते, ते मला खालून दिसत होते. ती मधूनच उठून जायची आणि येऊन पुन्हा बसायची. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे.

ऊन वर आल्यावर आरोग्य खात्याची जीप आली. ती रोगी उचलून अमरावतीच्या दवाखान्यात नेत होती. तिथे शिरेतून सलाईन द्यायची सोय होती, जत्रेत नव्हती. जीपमध्ये आधीच तिघं आडवे होते. जीपवाला खाली उतरला आणि म्हणाला, "बाई, एकच जमते. तीन पेशंट अगुदरच हायेत."

बाईंनी तेव्हाच पहिल्यांदा प्रभाकडे नीट पाहिलं असावं. "तुले काय झालं?"

"काही नाही. थोडं पोट बिघडलं."

"किती वेळा?"

"दोनदा."

बाईंनी तिचं मनगट धरलं. मग माझं धरलं. पुन्हा तिचं. मला हे सगळं ऐकू येत होतं. प्रभा माझ्याकडे पाहत होती. आदल्या दुपारपासून ती किती वेळा काठाला जाऊन आली होती ते मला ठाऊक होतं. दोन्ही हातांची बोटं पुरली नसती. मी बोलले नाही. माझी जीभ कोरडी पडली होती म्हणून मला बोलता आलं नाही, असं पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले. पण त्याच्या आधी थोडाच वेळ मी पाणी मागितलं होतं, आणि ते सगळ्यांना समजलं होतं.

बाई म्हणाल्या, "हिला न्या."

मला त्या तिघांच्या शेजारी आडवं केलं, सोबतीलाही कोणाला जागा नव्हती. जीप परत फिरून येईपर्यंत दुपार टळली. रस्ता तिवशापर्यंत कच्चा होता. जीप आली तेव्हा प्रभा गेलेली होती. बाई तिला चमच्यानं मिठाचं पाणी पाजत होत्या, आणि ती गेली हे त्यांना लगेच कळलं नाही, असं इतर मुलींनी मला सांगितलं. हैज्याचं प्रेत गावात नेऊ देत नसत. तिथेच काठावर तिला दहन दिलं. बाईंचे यजमान अमरावतीला वकिली करत. सांगावा मिळून ते पोहोचले तेव्हा राख निवलेली होती.

माझ्या हाताच्या शिरेत सुई होती. मी वाचले.

तेरवीला मामा मला घेऊन बाईंच्या घरी गेला. मला अजून धड चालता येत नव्हतं. मामाची समजूत अशी, की ज्यांनी पोरीचा जीव वाचवला त्यांच्या पाया पडायला हवं. बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. बाई आत होत्या. वकीलसाहेब दारात उभे होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी सावकाश, जसं काही मोजमाप घेत होते. मग आत वळून म्हणाले, "तुमची विद्यार्थिनी आली आहे." त्या 'तुमची' शब्दावर त्यांनी जोर दिला नव्हता, तरी खोलीतली माणसं खाली पाहू लागली. मी पाया पडले तेव्हा बाईंनी विचारलं, "जेवण जाते का आता?" मी हो म्हटलं. एवढंच.

महिन्याभरानं त्या शाळेत आल्या. हजेरी घेताना प्रभाचं नाव आलं, तिथे त्या थांबल्या नाहीत, वगळलंही नाही. नाव वाचलं, एक रेघ मारली, पुढचं नाव वाचलं. मागचा बाक त्यांनी काढला नाही आणि तिथे कोणाला बसवलंही नाही. माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच वागल्या. "तिवसा, उभी राह. विग्रह कर." मला त्यांनी एकही मार्क वाढवून दिला नाही, आणि एकही कमी केला नाही. मला मात्र वाटायचं की त्यांनी माझ्यावर ओरडावं.

गावात बाईंचं नाव झालं. परक्याची पोर वाचवायला पोटची पोर दिली, असं लोक बोलत. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मग एका सभागृहात त्यांचा सत्कार ठरला. वकीलसाहेब आले नव्हते. मला मामानं तिसऱ्या रांगेत बसवलं होतं, नवं झंपर घालून. एक पुढारी बोलले, एक मुख्याध्यापक बोलले. पुराणातल्या आयांची नावं घेतली गेली. कोणीतरी मला उभं राहायला सांगितलं आणि लोकांनी मागे वळून पाहत टाळ्या वाजवल्या. मग बाईंना शाल आणि नारळ दिला आणि चार शब्द बोलायची विनंती केली.

बाई वर्गात उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या. भाषाही वर्गातली. "हा सत्कार चुकीच्या माहितीवर चालला आहे," त्या म्हणाल्या. "मी मुलगी दिलेली नाही. दोघींतली जास्त आजारी कोण, याचा माझा अंदाज चुकला. माझी मुलगी तग धरेल असं मला वाटलं. अंदाज बरोबर आला असता तर मी माझ्याच मुलीला जीपमध्ये घातलं असतं. याला त्याग म्हणत नाहीत. याला चूक म्हणतात. तेवढी दुरुस्त करून घ्या."

शालीची घडी घालून त्यांनी ती टेबलावर ठेवली, वर नारळ ठेवला आणि त्या खाली उतरल्या. माझ्या रांगेजवळून गेल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी ओट्यावर चपला काढताना मामा म्हणाला, "बाईच्या डोक्यावर परिणाम झाला." मामी म्हणाली, "त्या पोरीसमोर असं बोलायचं काहून?" मी आत जाऊन निजले. मला राग आला नव्हता. त्या जे बोलल्या ते खरं नव्हतं एवढंच मला कळत होतं, आणि ते फक्त मलाच कळत होतं.

गावाला मात्र राग आला. त्याग केलेली आई त्यांना हवी होती. चुकलेली नको होती. आधी पाया पडणारे लोक आता म्हणू लागले, असल्या बाईच्या हाती आपल्या पोरी कशा द्यायच्या. तीन वर्षांनी, मी मॅट्रिक झाले तेव्हा, बाईंनी शाळा सोडली आणि अकोल्याला गेल्या. एकट्या गेल्या. वकीलसाहेब अमरावतीतच राहिले. ते भांडले, असं कोणी म्हटलं नाही. त्यांच्या घरात भांडण ऐकू यावं इतकं बोलणंच उरलं नव्हतं.

मी पुढे शिकले. मला कोणत्याही विषयाची विशेष ओढ नव्हती. शिकवायचं एवढं ठरलं होतं. बी.ए., मग बी.टी. केलं आणि अकोल्याच्या एका शाळेत मला नोकरी लागली. त्या शाळेत बाई आहेत हे मला माहीत होतं. तिथेच अर्ज का केला, असं आईनं विचारलं तेव्हा पगार बरा आहे म्हणून सांगितलं.

पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत बाई उभ्याउभ्याच भाकर खात होत्या. केस पिकले होते. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ये तिवसा. इथं उन्हाळा लय कडक असते. माठ तेवढा स्वतः घासत जाय, शिपाई घासत नाई." इतक्या वर्षांनी भेटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

त्या अजूनही दर कार्तिकात मुली घेऊन कौंडण्यपूरला जात. अकोल्याहून. रजा काढून. दवाखान्यात पत्रंही लिहीत. मी दीड वर्ष त्यांच्या आसपास होते आणि त्या सकाळबद्दल एक अक्षर बोलले नाही.

माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता, मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. एका दुपारी माझ्या मुली निबंध लिहीत होत्या आणि पलीकडून बाईंचा आवाज येत होता. आरोग्याचा धडा होता. बाई सांगत होत्या, "दोन मुली आजारी होत्या. जागा एकीला होती. शिक्षिकेनं नाडी पाहिली. एकीची नाडी जास्त बारीक वाटली, तिला पाठवलं. दुसरी गेली. चूक कुठे झाली?" कोणी मुलगी काहीतरी बोलली. बाई म्हणाल्या, "बरोबर. तिनं नुसती नाडी पाहिली. कातडीला चिमटा घेऊन पाहायला हवा होता. डोळे किती आत गेले ते पाहायला हवं होतं. नखं पाहायला हवी होती. लिहून घ्या."

ती शिक्षिका कोण हे मुलींना ठाऊक नसावं. मी खडू हातात धरून उभी राहिले. इतकी वर्षं त्या दर वर्गाला हे शिकवत आल्या होत्या. दर वर्षी त्यांना त्या सकाळची एखादी नवी चूक सापडत होती. आणि ज्या एका शब्दावर सगळं उभं होतं, 'दोनदा', तो त्यांनी खरा धरला होता.

त्या रविवारी मी त्यांच्या खोलीवर गेले. जिनिंग कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक खोली होती, कापसाचा फुफाटा दारापर्यंत यायचा. बाई खाली बसून सुपात तुरीची डाळ निवडत होत्या.

"बाई, तुमची चूक नव्हती."

"कोनती?"

"कौंडण्यपूरची. प्रभा दोनदा म्हणाली ते खोटं होतं. आदल्या दुपारपासून चालू होतं तिचं. दहा-बारा वेळा झालं होतं. मला माहीत होतं."

त्यांचे हात थांबले नाहीत. खडे बाजूला पडत होते. "पानी कुठलं पेलं?"

"एका म्हातारीच्या मडक्यातलं. दोघी प्यालो. आधी मी."

"हं."

मग त्यांनी सूप खाली ठेवलं. "मले काहून नाई सांगतलं तिनं?"

मी त्या वेळी पुष्कळ काही बोलू शकले असते. शपथेचं सांगू शकले असते. ती मला वाचवत होती, असंही म्हणता आलं असतं, आणि ते थोडं खरंही होतं. पण बाईंसमोर ते जमलं नाही.

"तुम्हाला भ्यायची, बाई."

"अन् तू?"

"मीही."

त्यांनी मान हलवली, वर्गात एखाद्या मुलीचं उत्तर बरोबर आलं की हलवायच्या तशी. "म्हणजे चूक त्या सकाळी नाई झाली," त्या म्हणाल्या. "अगुदरच झाली होती. मी उगाच तिथं शोधत बसली."

मी त्यांचं ओझं उतरवायला गेले होते. निदान तसं मी स्वतःला सांगितलं होतं. माझंच उतरवायला गेले होते, हे कदाचित जास्त खरं. दोघींचंही उतरलं नाही. अंदाज चुकलेल्या बाईला निदान दर वर्षी फळ्यावर काहीतरी लिहिता येत होतं. आता मी सांगितलं त्याला दुरुस्ती नव्हती. पोर मरायला टेकली तरी आईला सांगायला भ्याली, हे वहीत खोडायचं कसं?

बाईंनी मला जेवून जायला सांगितलं. वरण-भात रांधला, मला वाढलं, स्वतः बसल्या नाहीत. मी हात धुतल्यावर म्हणाल्या, "आता जाय."

त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. आरोग्याच्या धड्याला पलीकडून आवाज आला तो नुसता पुस्तकातला. त्यांच्या वर्गातून आता मुलींचा गलका ऐकू यायचा, जो पूर्वी कधी येत नसे, आणि बाई तो थांबवत नसत. मुख्याध्यापिकांनी दोनदा सांगून पाहिलं. सगळ्यांना वाटलं, बाई थकल्या.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "येते का कौंडण्यपूरले?"

मी त्या काठावर त्यानंतर कधी गेले नव्हते. तिवशाला घरी जायचे, पण पुढे नाही. मी हो म्हटलं.

अकोल्याच्या नऊ मुली होत्या. पाण्याचा नियम तोच होता, पण मोडला तर घरी पाठवीन, हे बाईंनी या वेळी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी राहुटीच्या मागे एक सतरंजी टाकली आणि नदीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून तिच्यावर बसल्या. मुलींना म्हणाल्या, "एकेक जणीनं इथं यायचं अन् माझ्या मागं बसायचं. पोट, ताप, पाळी, भीती, काय असेल ते सांगायचं. काही खाल्लं-पेलं असेल ते सांगायचं. मी वळून पाहणार नाई. कोण बोललं ते इचारणार नाई. जिले औषध लागते तिनं हात पुढं करायचा."

मुली आधी हसल्या. मग एक गेली. मग दुसरी. मी राहुटीच्या दोरापाशी उभी होते. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. बाईंची पाठ हलत नव्हती, नुसती मान अधूनमधून खाली-वर व्हायची. एका मुलीनं हात पुढे केला. बाईंनी न वळता गोळी तिच्या तळहातावर ठेवली. एक लहानशी मुलगी बराच वेळ बसली आणि डोळे पुसत उठली. त्या वर्षी जत्रेत हैजा आला नाही. यात बाईंचा काही हात नव्हता. तो आला नाही, इतकंच.

शेवटी मी गेले. मी गेलंच पाहिजे असं नव्हतं, मी शिक्षिका होते. सतरंजीवर त्यांच्या मागे बसले. त्यांचा अंबाडा पातळ झाला होता आणि मानेवर घाम होता. समोर वाळवंटात बंड्या सुटत होत्या.

"मला काही झालेलं नाही, बाई," मी म्हणाले.

"खरं सांग."

"खरंच."

त्या वळल्या नाहीत. गोळ्यांची डबी बंद करून म्हणाल्या, "बरं. मंग अजून थोडी बस."

मी बसले.